बुद्धीचा वारसा आणि बुद्धीची मशागत



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती, की मजुरी, महागाई, बोनस यांपैकी काही तरी मी सांगेन. तीस वर्षे यंत्रमाग कामगारांत वावरलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करावी? "माणसाची बुद्धी अनुवंशाने येते की परिस्थितीने घडते, यावर बोलतो," असे मी म्हणालो तेव्हा ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि मग अतिशय सौजन्याने म्हणाले, "हा विषय मानसशास्त्राच्या प्राध्यापकांचा नव्हे का?" त्यांचे म्हणणे बरोबर होते. माझे शिक्षण नववीपर्यंत झालेले. पुढचे सगळे वाचनालयात, पाळी सुटल्यावर. तेव्हा शास्त्रज्ञाच्या अधिकाराने मी येथे उभा नाही. एका बाईने मला एक प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मला देता आले नाही, आणि ते शोधताना जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच माझा हेतू आहे.

ही बाई आमच्या इचलकरंजीत कांड्या भरण्याचे काम करते. बोनसच्या चौकशीसाठी ती युनियनच्या कचेरीत आली होती. बरोबर तिची मुलगी होती. नुकतीच नववीत नापास झालेली. चौकशी आटोपल्यावर बाई म्हणाली, "अण्णा, पोरीचं डोकं आमच्यावरच गेलंय बघा. आमच्या सात पिढ्यांत कोण शिकलंय? रगतातच न्हाई, ते शाळंत घालून कुठनं येणार? त्यापरीस कांड्या भराय लावते." मुलगी खाली मान घालून उभी होती. असे काही नसते, शाळा सोडवू नका, असे मी नेहमीचे चार शब्द बोललो. पण त्याने बाईचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

कारण हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. मी सातवीत असताना एका गुरुजींनी भर वर्गात सांगितले होते, की विणकराच्या पोराला बीजगणित कशाला, त्याचे डोके मागावरच चालायचे. गुरुजींचे म्हणणे आणि या बाईचे म्हणणे एकच. फरक इतकाच, की गुरुजी ते दुसऱ्याच्या मुलाबद्दल बोलले होते आणि ही माउली स्वतःच्या मुलीबद्दल बोलत होती. जे मत एके काळी वरून लादले जाते, ते पुढे खालच्या माणसाला आपलेच वाटू लागते. म्हणून ते खरे की खोटे, हे एकदा नीट तपासले पाहिजे.

आधी बुद्धी मोजतात म्हणजे काय करतात, ते पाहू. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ या दोघांनी पहिली उपयोगी कसोटी तयार केली. फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते आणि वर्गात मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना वेगळी मदत हवी, हे ठरवायचे होते. ते नुसते शिक्षकाच्या मतावर सोडले, तर खोडकर मूल मंद ठरण्याचा संभव. म्हणून बिने यांनी सोप्याकडून अवघडाकडे जाणारे प्रश्न लावले: सांगितलेले आकडे पुन्हा म्हणणे, चित्रातील वस्तूंची नावे सांगणे, दोन वस्तूंतील फरक ओळखणे. सहा वर्षांच्या बहुतेक मुलांना जे जमते तेवढेच आठ वर्षांच्या मुलाला जमले, तर ते दोन वर्षे मागे आहे असे धरायचे. पुढे १९१२ साली विल्यम स्टर्न या जर्मन शास्त्रज्ञाने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची कल्पना मांडली, आणि त्या भागाकाराला शंभराने गुणून जो आकडा येतो तो बुद्ध्यंक म्हणून जगभर प्रसिद्ध झाला. आज असा भागाकार करीत नाहीत. त्या त्या वयाच्या लोकांची सरासरी १०० धरतात; शंभरातील सुमारे ६८ माणसे ८५ आणि ११५ यांच्या दरम्यान येतात. आपल्याकडेही डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची कसोटी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवून घेतली होती; त्यांचे त्यावरील पुस्तक १९४० साली निघाले.

हा बुद्ध्यंक टाकाऊ आहे, असे मी म्हणणार नाही. शब्द, आकडे आणि आकृती यांतील संबंध मनुष्य किती चटकन ओळखतो, हे त्यावरून कळते आणि शाळेतील यशाचा बराच अंदाज येतो. मात्र चार माग चालवताना कोणत्या मागाचा धोटा आता अडकणार, हे नुसत्या आवाजावरून ओळखणारा विणकर त्या कसोटीत मोजला जात नाही. शिवाय खुद्द बिने यांनी १९०९ सालच्या आपल्या पुस्तकात बजावून ठेवले होते, की बुद्धी ही कायमची ठरलेली वस्तू आहे असे समजणे चूक होय. मागे पडलेल्या मुलाला योग्य सराव दिला तर तो पुढे सरकतो. कसोटी जन्माला आली ती मदत कोणाला द्यायची हे ठरवण्यासाठी. ती कोणाची मदत तोडायची हे ठरवण्यासाठी वापरली जाऊ लागली, ती नंतर.

हे कसे घडले? डार्विनचे आतेभाऊ लागणारे फ्रान्सिस गाल्टन यांनी १८६९ साली एक ग्रंथ लिहिला. इंग्लंडमधील न्यायाधीश, मुत्सद्दी, सेनापती यांच्या वंशावळी त्यांनी तपासल्या आणि मोठ्या माणसांच्या नात्यात मोठी माणसे जास्त आढळतात, असे दाखवले. त्यांनी निष्कर्ष काढला की कर्तबगारी रक्तातून येते. न्यायाधीशाच्या मुलाला बापाचे रक्त मिळते, तसा बापाचा वाडा, पुस्तकांचे कपाट, शिकवणी आणि ओळखीपाळखीही मिळतात. यांतले कोणते कारण किती, हे नुसत्या वंशावळीवरून कळणे शक्य नव्हते. पण हा विचार पसरला, आणि बिने १९११ साली वारल्यावर त्यांची कसोटी या विचाराच्या लोकांच्या हाती गेली.

त्याचा शेवट कोठे झाला, याचे एकच उदाहरण देतो. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात कॅरी बक नावाच्या तरुण गरीब मुलीला मंदबुद्धी ठरवून सरकारी संस्थेत ठेवले होते. तिची आईही त्याच संस्थेत. कॅरीला एक तान्ही मुलगी होती. ती सात महिन्यांची असताना एका बाईने साक्ष दिली, की हे मूलही काही नीट दिसत नाही. तीन पिढ्यांचा दोष सिद्ध झाला असे मानून १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, आठ विरुद्ध एक मताने, कॅरीला सक्तीने वंध्य करण्यास परवानगी दिली. पुढे ती तान्ही मुलगी शाळेत गेली आणि तेथे तिचे नाव चांगल्या विद्यार्थ्यांच्या यादीत लागले. आठ वर्षांची असताना ती आजाराने वारली. अशा कायद्यांखाली अमेरिकेत साठ हजारांहून अधिक माणसांवर ही शस्त्रक्रिया झाली.

इंग्लंडमध्ये वाईट घडले, पण निराळ्या प्रकाराने. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर तेथे अकरा वर्षांच्या मुलांची परीक्षा घेऊन काहींना वरच्या दर्जाच्या शाळांत आणि बाकीच्यांना साध्या शाळांत पाठवू लागले. कामगारांची बहुतेक मुले दुसऱ्या वाटेला लागत. बुद्धी मुख्यत्वे जन्मजात असते आणि ती लहान वयातच मोजता येते, या मताच्या पाठीशी सर सिरिल बर्ट यांच्या नावाचे वजन होते. बर्ट यांनी जन्मापासून वेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्या भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. १९५५ साली अशा २१ जोड्या, आणि १९६६ साली ५३ जोड्या. १९७४ साली लिऑन कॅमिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवले, की जोड्या दुपटीहून वाढल्या तरी दोन भावंडांतील साम्य दाखवणारा आकडा दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत तोच राहिला आहे: ०.७७१. पंधरा दिवसांच्या हजेरीपटावर रोज नेमकी तितकीच माणसे दिसली, तर आमचा साधा दिवाणजीसुद्धा वही बंद करून मुकादमाकडे पाहील. १९७९ साली हर्नशॉ यांनी बर्ट यांचे चरित्र लिहिले. ते मुळात बर्ट यांचे चाहते. पण कागदपत्रे तपासल्यावर त्यांनाही ही आकडेवारी बनावट असल्याचे मान्य करावे लागले. पुढे बर्ट यांची बाजू घेणारेही निघाले. तथापि त्या आकड्यांना आज पुरावा म्हणून कोणी किंमत देत नाही.

हे वाचले तेव्हा मला फार आनंद झाला. अनुवंशाची गोष्ट ही वरच्या वर्गाने रचलेली लबाडी आहे, परिस्थिती हेच सर्व काही, असे मी दोनतीन सभांत ठासून सांगितले आणि टाळ्याही घेतल्या. ते माझे बोलणे अर्धवट होते, हे आज आपल्यापुढे कबूल केले पाहिजे. एकाने खोटी हजेरी मांडली, म्हणून कारखान्यात त्या दिवशी काम झालेच नाही असे ठरत नाही.

कारण पुढे प्रामाणिकपणे झालेल्या अभ्यासांतूनही अनुवंशाचा हात दिसतोच. जुळी दोन प्रकारची असतात. एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन जन्मतात ती एकबीज. त्यांचा अनुवंश जवळजवळ तंतोतंत एकच. दोन वेगळ्या बीजांपासून होतात ती द्विबीज. त्यांच्यात इतर सख्ख्या भावंडांप्रमाणे सरासरीने निम्मे साम्य. एकाच घरात वाढलेल्या एकबीज जुळ्यांचे बुद्ध्यंक द्विबीज जुळ्यांपेक्षा एकमेकांच्या अधिक जवळ येतात. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात टॉमस बुशार्ड आणि त्यांचे सहकारी १९७९ पासून वेगवेगळ्या घरांत वाढलेली जुळी शोधून तपासत होते. १९९० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला, की बुद्ध्यंकातील फरकांपैकी सुमारे ७० टक्के फरक अनुवंशाशी निगडित आहे. मुलांत हा वाटा कमी आणि प्रौढांत जास्त असतो, असेही अनेक अभ्यासांतून दिसले आहे. अलीकडे तर पेशीतील जनुके थेट वाचता येतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ३० लाख माणसांची जनुके तपासली, आणि मनुष्य किती वर्षे शिकतो याच्याशी संबंध असलेली जवळजवळ ४,००० स्थळे सापडली. त्यांपैकी प्रत्येकाचा परिणाम तीळभर. सगळी मिळून आणि सगळ्या जनुकसंचाचा हिशेब धरूनही शिक्षणातील फरकापैकी १२ ते १६ टक्केच उलगडतो. आणि एकाच घरातल्या भावंडांची तुलना केली, तर त्या अंदाजाची ताकद आणखी बरीच घटते. 'हुशारीचे जनुक' नावाची एकच वस्तू नाही. पण अनुवंशाचा परिणाम आहे, हे नाकारता येत नाही.

मग ती बाई आणि ते गुरुजी खरे ठरले काय? सारा घोटाळा आहे तो या 'सत्तर टक्के' शब्दांत. ऐकणाऱ्याला वाटते, डोक्यातील दहा भागांपैकी सात आईबापांनी दिले आणि तीन शाळेने. या आकड्याचा अर्थ तसा मुळीच नाही. तो समजावा म्हणून माझ्या धंद्यातील एक हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात उत्पादनावरून तंटा झाला. मजुरी मीटरवर. मागांच्या दोन रांगा होत्या, आणि एका रांगेतील विणकर दुसऱ्या रांगेपेक्षा कमी कापड काढीत. मालकाचे म्हणणे, माणसे कामचुकार. विणकरांचे म्हणणे, माग जुने आणि बीम वाईट. कोणाचे खरे मानायचे? शेवटी असे ठरले, की पंधरा दिवस विणकरांची अदलाबदल करायची आणि कोणत्या मागावर सूत किती वेळा तुटते याची वही ठेवायची. अदलाबदल केल्यावर बराचसा फरक मागांपाशीच राहिला, थोडा माणसांबरोबर गेला. दोन्ही पक्ष थोडेथोडे खरे निघाले आणि अर्थातच दोघेही नाराज झाले. शास्त्रज्ञ करतात ते हेच. एकबीज जुळी दोन घरांत वाढली, म्हणजे एकच हात दोन मागांवर बसला. दत्तक मूल म्हणजे एका ठिकाणचा हात दुसऱ्या मागावर गेला.

आता समजा, एका शेडमध्ये सगळे माग नवे, एकाच बनावटीचे, सूतही एकाच प्रतीचे. तरी सगळ्यांचे मीटर सारखे भरणार नाहीत. जो फरक उरेल तो हातांचा. तेथे कोणी हिशेब केला तर 'फरकाचे शंभर टक्के कारण विणकर' असे उत्तर येईल. तेच विणकर दुसऱ्या शेडमध्ये नेले, जेथे निम्मे माग नवे आणि निम्मे मोडकळीला आलेले, तर 'फरकाचे मुख्य कारण माग' असे उत्तर येईल. हात तेच, कसब तेच. टक्केवारी मात्र पार बदलली. कारण ती टक्केवारी माणसामाणसांतील फरकाची आहे, आणि तीही त्या शेडपुरती. एका ताग्यातले किती कापड हाताने विणले आणि किती मागाने, असे कोणी विचारले तर आपण हसू. एका मुलाच्या बुद्धीत अनुवंश किती आणि परिस्थिती किती, हा प्रश्नही तसाच हसण्याजोगा आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पहिल्या शेडमध्ये फरक शंभर टक्के हातांचा होता. तेथे उद्या चांगले सूत आले, तर सगळ्यांचेच मीटर वाढतील. म्हणजे अनुवंशाचा वाटा मोठा आहे, यावरून परिस्थिती सुधारून उपयोग नाही असे कधीच निघत नाही.

हे केवळ तर्काने म्हणत नाही; त्याला रोकडे पुरावे आहेत. १९३४ साली नॉर्वेत एका आईने आपली दोन मतिमंद मुले आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांकडे नेली. मुलांच्या अंगाला चमत्कारिक वास येतो, त्याचे कारण काय, हा तिचा प्रश्न. फॉलिंग यांनी त्यातून फेनिलकीटोन्युरिया हा रोग शोधून काढला. तो निखळ आनुवंशिक आहे: आई आणि बाप दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच होतो. अन्नातील एक घटक शरीराला पचवता येत नाही, तो साठत जातो आणि मेंदूची वाढ खुंटते. पण पन्नासच्या दशकात असे दिसून आले, की हा घटक बेताचाच ठेवलेला आहार दिला तर मेंदूची हानी टळते. आज जेथे जन्मतःच रक्त तपासून असा आहार सुरू करतात, तेथे ही मुले इतरांसारखी शिकतात. रोग जन्माचा, आणि उपाय ताटातला! 'रक्तातच आहे' म्हणजे 'इलाज नाही' असे समजणाऱ्याने हे उदाहरण गाठीला बांधून ठेवावे.

दुसरा पुरावा न्यूझीलंडमधील प्राध्यापक जेम्स फ्लिन यांचा. त्यांनी १९८४ आणि १९८७ साली अनेक देशांतील जुने-नवे निकाल ताडून पाहिले, तेव्हा बुद्ध्यंक पिढीगणिक वाढत आल्याचे दिसले. अमेरिकेत दर दहा वर्षांना सुमारे तीन गुण. हॉलंडमध्ये सैन्यात भरती होणाऱ्या तरुणांचे गुण १९५२ पासून १९८२ पर्यंतच्या तीस वर्षांत सुमारे वीसने वाढले. तीस वर्षांत एखाद्या राष्ट्राचा अनुवंश पालटत नाही. पालटली ती शाळा, अन्न, घरातील माणसांची संख्या, कामाची तऱ्हा. अलीकडे काही देशांत ही वाढ थांबली आहे, कोठे थोडी उलटलीही आहे. पण जो आकडा असा वरखाली होतो, त्याला कपाळावरची रेघ म्हणता येत नाही.

तिसरा पुरावा फ्रान्समधला. १९८९ साली कॅप्रोन आणि द्यूम यांनी दत्तक मुलांची पाहणी केली. जन्मदाते गरीब किंवा सुखवस्तू, आणि दत्तक घेणारे गरीब किंवा सुखवस्तू, अशा चारी प्रकारची मुले त्यांनी शोधली. सुखवस्तू घरी वाढल्याने बुद्ध्यंकात सुमारे १२ गुणांचा फरक पडला. सुखवस्तू घरी जन्म झाल्याने सुमारे १५ गुणांचा. माझ्या कारखान्यातल्या वहीसारखाच निकाल: दोन्ही पक्ष खरे. पुढे १९९९ साली द्यूम यांनी हाल सोसलेल्या, चार ते सहा वर्षांच्या वयात दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दत्तक जाण्यापूर्वी या सर्वांचे बुद्ध्यंक ८६ च्या खाली होते. ती मोठी होईपर्यंत गरीब घरांत गेलेल्यांचे सरासरी ८ गुण वाढले आणि सुस्थितीतील घरांत गेलेल्यांचे १९ हून अधिक.

चौथा पुरावा आमच्या शेडच्या दृष्टांताशी नेमका जुळतो. २००३ साली एरिक टर्कहायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सात वर्षांच्या जुळ्यांचे निकाल तपासले. सुस्थितीतील घरांत बुद्ध्यंकातील फरक मुख्यतः अनुवंशाशी निगडित निघाला. अतिशय गरीब घरांत अनुवंशाचा वाटा जवळजवळ शून्य, आणि सुमारे ६० टक्के फरक घरच्या परिस्थितीचा. युरोपातील देशांत मात्र हा प्रकार दिसला नाही. तेथे गरिबाच्या मुलालाही बरी शाळा आणि दवाखाना मिळतो, हे त्याचे कारण असावे असे काही शास्त्रज्ञ म्हणतात. खुद्द मिनेसोटाच्या अभ्यासकांनीही आपल्या लेखात लिहून ठेवले होते, की आमच्या जुळ्यांत खऱ्या दारिद्र्यात किंवा निरक्षर आईबापांच्या घरी वाढलेली फार थोडी आहेत, तेव्हा हा सत्तराचा आकडा तशा परिस्थितीला लावू नये. ही ओळ मी वाचली तेव्हा मला ती कांडीवाली बाई आठवली. ज्या आकड्याच्या धाकाने तिची मुलगी शाळा सोडणार, तो आकडा तिच्यासारख्या घरांसाठी काढलेलाच नव्हता.

आता जाती आणि वंश यांच्याविषयी. अमुक समाजाची सरासरी कमी आहे, ती अनुवंशाने, असे पांडित्याच्या भाषेत सांगणारे लोक अजूनही भेटतात. रिचर्ड लेवाँटिन या जीवशास्त्रज्ञाने याचे उत्तर पेरणीच्या दृष्टांताने दिले होते. मी तो आपल्या ज्वारीवर बसवून सांगतो. एकाच पोत्यातील मिश्र बियाणे घ्या. एक मूठ काळ्या, खत घातलेल्या रानात पेरा आणि एक मूठ मुरमाड माळावर. काळ्या रानात माती सगळीकडे सारखी, म्हणून तेथील ताटांच्या उंचीतील फरक हा बियाण्याचा. माळावरही माती सारखीच निकृष्ट, म्हणून तेथेही फरक बियाण्याचाच. दोन्ही रानांत 'शंभर टक्के अनुवंश'. पण दोन रानांच्या सरासरीत जे अंतर पडेल, ते सगळे मातीचे. कारण पोते एकच होते. तेव्हा एका समाजाच्या आत अनुवंशाचा वाटा कितीही निघो, त्यावरून दोन समाजांतील अंतर अनुवंशाचे आहे असे सिद्ध होत नाही. आपल्याकडे तर माळावर पेरल्यानंतर पाणीही तोडले होते, आणि पीक खुरटले की बियाण्याला दोष देत होते.

'सात पिढ्यांत कोणी शिकले नाही' या वाक्याचे उत्तर येथेच मिळते. ज्याला माग कधी दिलाच नाही, त्याच्या हाताला विणकाम येत नव्हते, असे म्हणता येईल काय? शिवाय अनुवंश ही आईबापांची छापील प्रत नव्हे. प्रत्येक मुलात आईची निम्मी आणि बापाची निम्मी जनुके नव्याने पिसून वाटली जातात. म्हणून एका घरातील चार भावंडे चार तऱ्हांची निघतात. आईबापांकडे पाहून मुलाची मर्यादा सांगता येत नाही, हे खुद्द अनुवंशशास्त्रच सांगते.

मग आपण काय करावे? सगळ्या मुलांचा बुद्ध्यंक सारखा होईल, असे वचन मी देणार नाही. सगळे माग नवे केले तरी मीटर सारखे भरणार नाहीत, हे मी आधीच सांगितले. पण माग नीट केल्याशिवाय हाताची परीक्षा घेणे, हा अन्याय आहे. आणि मागाचे काही दोष तर फार स्वस्तात निघतात. गरोदरपणी आईच्या अन्नात आयोडीन कमी पडले तर मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते. मिठातून आयोडीन दिले की गलगंड हटतो, हे डॉ. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात केलेल्या प्रयोगातून दिसले आणि १९६२ साली सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. चिमूटभर मिठाचा प्रश्न! शिसे लहान मुलाच्या मेंदूला विषासमान आहे. पेट्रोलमधले शिसे देशभर बंद झाले ते २००० साली. पण जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या धंद्यात ते अजून कामगाराच्या कपड्यांवरून घरी जाते. शाळेचे तर विचारूच नका. २०१८ साली सहा लाखांहून अधिक लोकांच्या आकडेवारीचा एकत्र अभ्यास झाला, त्यात शाळेच्या प्रत्येक जादा वर्षामागे बुद्ध्यंक एक ते पाच गुणांनी वाढतो असे आढळले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा त्यांच्यापुढे यांतला एकही आकडा नव्हता. माग दिल्याशिवाय हाताला नावे ठेवू नयेत, एवढे त्यांना कळत होते.

त्या मुलीचे काय झाले, असे आपण विचाराल. मी त्यांच्या घरी गेलो. एका खोलीत पाच माणसे, भिंतीपलीकडे रात्रभर मागांचा खडखडाट. आईच्या आजारपणात मुलगी दोन महिने शाळेत गेली नव्हती, आणि संध्याकाळी सहापासून दहापर्यंत ती आईबरोबर कांड्याच भरीत होती. मी बाईला म्हणालो, "ताई, तुमच्या रक्तात काय आहे ते कोणीच मोजलेलं नाही. मागाच्या खोड्या मात्र मला इथून दिसताहेत. त्या आधी काढू." युनियनच्या कचेरीची मागची खोली आता संध्याकाळी अभ्यासासाठी उघडी असते. चौदा मुले येतात. ती मुलगी त्यांत आहे आणि पुन्हा नववीला बसली आहे. ती पास होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. तिच्या आईलाही मी तसे सांगितलेले नाही. पण या खेपेला ती नापास झाली, तरी दोष रक्ताचा असे म्हणायला आईची जीभ पूर्वीसारखी चटकन वळणार नाही, असे मला वाटते.